काळ्या सिनेमाला काळोख हवा: सांगलीच्या चित्रपट महोत्सव समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
चित्रपट महोत्सव समिती, सांगली

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आपण सांगलीत शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस जुन्या फिल्म न्वार, म्हणजे काळोखाने भरलेल्या काळ्या-पांढऱ्या अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटांचा महोत्सव भरवलात. तिन्ही दिवसांचा पास काढून मी पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत हजर होतो, आणि पुण्या-मुंबईबाहेर असले काही करण्याची हिंमत आपण दाखवलीत याचे कौतुक मला आजही आहे. परंतु यंदाच्या तयारीच्या बैठकीत काही सदस्यांनी असे मत मांडल्याचे कळते की, काळे-पांढरे, इंग्रजी आणि शेवट वाईट होणारे सिनेमे सांगलीत चालत नाहीत, शुक्रवारी भरलेले सभागृह रविवारी अर्धे रिकामे झाले हा त्याचा पुरावा आहे, तेव्हा त्यांच्याऐवजी रंगीत रहस्यपट ठेवावेत किंवा यंदा महोत्सवच थांबवावा. हे पत्र त्या मताला उत्तर म्हणून लिहीत आहे. खुले अशासाठी की, रविवारी जे आले नाहीत त्यांच्या कानांवरही ते जावे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल: लोक सिनेमाला कंटाळून गेले नाहीत, त्यांना सिनेमा दिसलाच नाही म्हणून गेले. हे मी रसिक म्हणून सांगत नाही, कामगार म्हणून सांगतो. गेली तीस-बत्तीस वर्षे मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात, आणि त्यांच्याच नावाच्या नाट्यमंदिरात बाल्कनीखाली, दिवे कमी-जास्त करायच्या डिमरबोर्डासमोर उकिडवे बसून मी स्पर्धेची किती नाटके काढली याचा हिशेब आता माझ्यापाशी नाही. त्याआधी माझे वडील एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. म्हणजे दोन पिढ्या आमच्या घरात अंधारावरच चूल पेटली आहे, आणि म्हणून या एका विषयावर दोन शब्द जास्त बोलण्याचा अधिकार मी घेतो आहे.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, ही साधी गोष्ट आपल्या तांत्रिक उपसमितीने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. तो फक्त प्रकाश टाकतो. पडद्यावर आपल्याला जे काळे दिसते ते म्हणजे जिथे प्रकाश पडलेला नाही असा पांढरा पडदा. त्या पडद्यावर दाराच्या फटीतून, पायऱ्यांवरच्या दिव्यांतून किंवा कोणाच्या मोबाईलमधून जेवढा उजेड येईल तेवढेच काळे तुम्हाला मिळणार. त्याहून काळे जगातला कोणताही महागडा प्रोजेक्टर देऊ शकत नाही. रंगीत, भडक चित्रपटाचे यात फारसे बिघडत नाही, कारण तो मुळातच उजेडाने भरलेला असतो. पण ज्या चित्रपटाच्या चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग काळा आहे आणि उरलेल्या भागात एका चेहऱ्याची एकच बाजू, एक टोपीची कड आणि सिगारेटचा धूर एवढेच उजळलेले आहे, त्याचे काळे राखाडी झाले की चित्रपटाचा निम्मा भाग पुसला जातो. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवात वरून डोकावल्यावर जो काळा दिसतो, ज्यात तळ दोन हातांवर आहे की दोन पुरुष खाली हे कळत नाही, तो काळा हे चित्रपट काढणाऱ्यांना हवा होता. आपण त्यांना गेल्या वर्षी पावसाळी दुपारच्या आभाळाचा रंग दिला.

काय घडले ते थोडे तपशिलाने लिहितो, कारण ‘व्यवस्था थोडी कमी पडली’ एवढ्यावर हा विषय संपू नये असे मला वाटते. ज्या सभागृहात खेळ झाले त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याच्या डाव्या बाजूच्या दोन दारांना पडदे नव्हते आणि दुपारी तीनच्या खेळाला पश्चिमेचे ऊन त्या दारांखालून तिसऱ्या रांगेपर्यंत येत होते. पडद्याच्या शेजारी प्रायोजकांचा फलक होता आणि त्याच्या आतली ट्यूब तिन्ही दिवस चालू होती. चित्र तर ताणलेलेच होते. १९५३पूर्वीचे हे बहुतेक चित्रपट जवळजवळ चारास तीन या प्रमाणात, म्हणजे चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत घेतलेले आहेत. आपल्याकडच्या मशीनवर ते आडव्या पडद्याला पुरतील असे रुंद करून दाखवले गेले, त्यामुळे हम्फ्री बोगार्टसारखा सडपातळ नट वसंतदादांच्या काळातल्या एखाद्या कारखान्याच्या संचालकासारखा दिसू लागला. लोक हसले. त्यांचे काय चुकले? बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर ‘पडदा वाया जातो’ अशी काळजी कोणीतरी केली असणार. त्या पट्ट्या म्हणजे वाया गेलेला पडदा नव्हे. नाटकात रंगमंचाच्या दोन्ही अंगांना आपण काळ्या विंगा लावतो, त्या काय कापड उरले म्हणून लावतो?

आणि शनिवारचे मध्यंतर. त्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ‘डबल इन्डेम्निटी’ हा बिली वाइल्डरचा १९४४ सालचा चित्रपट चालू होता. विमा एजंट आणि एका गिऱ्हाइकाची बायको मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात आणि तो चालत्या आगगाडीतून पडून मेला असे भासवतात, कारण पॉलिसीतल्या एका कलमाप्रमाणे तसल्या अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम मिळते. चित्रपटाचे नाव त्या कलमाचे आहे. माझ्या मागच्या रांगेत कोणी विमा क्षेत्रातले गृहस्थ असावेत, ते शेजाऱ्याला दबक्या आवाजात सांगत होते की असा क्लेम कोणी डोळे झाकून पास करणार नाही. आणि पुढे दावे तपासणारा अधिकारी पडद्यावर नेमके तेच बोलू लागला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. सांगलीकरांना हे सिनेमे कळत नाहीत म्हणणाऱ्यांनी त्या थापेचा आवाज ऐकायला हवा होता. तर, प्रेत रुळांवर ठेवून ती दोघे मोटारीत येऊन बसतात, ती किल्ली फिरवते, आणि इंजिन सुरू होत नाही. पुन्हा फिरवते. होत नाही. रात्र, रूळ, दोन चेहरे, घशातून खरखरणारा स्टार्टर. सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हते. त्या क्षणी सगळ्या ट्यूब भकाभक पेटल्या, कॅन्टीनचे शटर वर गेले आणि बटाटेवड्याचा वास आला. चित्रपट एकशे सात मिनिटांचा, मध्यावर थांबवायचा, म्हणून घड्याळ बघून थांबवला. ज्याने थांबवला त्याला मी दोष देत नाही, त्याला तसे सांगितले होते. परंतु वाइल्डरने जे मिनिट हाताने विणले होते ते आपण चहासाठी उसवले, आणि चहा घेऊन परत आलेल्या माणसांना ते इंजिन शेवटी सुरू झाले याचा सुटकेचा निःश्वास कधीच मिळाला नाही.

याच चित्रपटातले आणखी एक उदाहरण द्यायचा मोह होतो, कारण ते माझ्या धंद्यातले आहे. नायिकेच्या घराच्या दिवाणखान्यात खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांमधून ऊन येते आणि त्या उन्हात धूळ तरंगताना दिसते. धूळ कॅमेऱ्यात सहजी दिसत नाही. छायालेखक जॉन साइट्झ याने हवेत ॲल्युमिनियमचा बारीक चुरा उडवून ती धूळ आणली होती. घर श्रीमंताचे आहे पण त्यात काहीतरी शिळे, न झाडलेले आहे, हे त्या धुळीने एक शब्द न बोलता सांगितले. मी स्वतः रंगमंचावर उन्हाची तिरीप दाखवायला शंख-जिऱ्याची पूड वापरून पाहिली आहे आणि पहिल्या रांगेतल्या परीक्षकांची बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे त्या चुऱ्याची किंमत मला कळते. गेल्या वर्षी आपल्या पडद्यावर ती धूळ दिसली नाही. मी मुद्दाम शोधत होतो.

हा सगळा काळोख त्या चित्रपटांत आला कुठून, हे निमंत्रणपत्रिकेत एखाद्या परिच्छेदात सांगता आले तर बरे होईल, कारण ‘काळा सिनेमा’ म्हणजे काळ्या धंद्यांवरचा सिनेमा असा समज मी खुर्च्यांमधून ऐकला. नाव फ्रेंचांनी दिले आहे, अमेरिकनांनी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते सारे एकदम आले, आणि एका पाठोपाठ एक पाहताना तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आले की मधल्या काळात हॉलिवुडच्या गुन्हेगारी चित्रपटांचा रंगच पालटला आहे. नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली त्यांना ‘न्वार’, म्हणजे काळे, म्हटले. हे चित्रपट काढणाऱ्यांना आपण न्वार काढत आहोत हे ठाऊकही नव्हते. त्यांच्यापैकी फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, वाइल्डर असे कितीतरी जण हिटलरमुळे बर्लिन सोडून आलेले होते आणि सावल्यांचा जर्मन हात सोबत घेऊन आले होते. शिवाय पैशाचाही प्रश्न होता. युद्धकाळात एका चित्रपटाच्या सेटसाठी ५,००० डॉलरपेक्षा जास्त नवे सामान वापरायचे नाही असा अमेरिकन सरकारचा निर्बंध होता. भिंत रंगवायला पैसे नसतील तर भिंतीवर उजेड टाकू नये, ही युक्ती आपल्याकडच्या कोणत्याही स्पर्धेच्या नाटकवाल्याला सांगावी लागत नाही. मुख्य दिवा ठेवायचा, सावली मऊ करणारा भरणीचा दिवा काढून घ्यायचा, आणि उरलेल्या काळोखात प्रेक्षकाला स्वतःची भीती आणून बसवू द्यायचे. जॉन ऑल्टन या छायालेखकाने १९४९ साली दिव्यांच्या या कामावर आख्खे पुस्तक लिहिले आणि १९५५च्या ‘द बिग कॉम्बो’च्या अखेरीस धुक्याने भरलेल्या विमानतळावर दोन माणसे नुसत्या काळ्या आकृत्या करून उभी केली. चेहरे नाहीत, संवाद नाहीत. गेल्या वर्षी तो प्रसंग चालू असताना प्रायोजकांच्या ट्यूबचा पांढरा पट्टा नेमका त्या धुक्यात येऊन बसला होता.

आता वडिलांविषयी. कार्बनच्या कांड्या पेटवून उजेड पाडणारे प्रोजेक्टरचे मशीन होते तेव्हाची गोष्ट. रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका झळकतो, तो दिसला की दुसरे मशीन चालू करायचे, दुसरा ठिपका दिसला की बदलायचे. हे काम ते झोपेतही चुकले नसते असे आई म्हणायची. पण त्यांना त्याचा अभिमान नव्हता. त्यांचा अभिमान वेगळ्या कामाचा होता. दर शुक्रवारी नवीन सिनेमा लागायच्या आधी, भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना ते सभागृहाची सगळी दारे लावून घेत, मला मधल्या रांगेत बसवत आणि दिवे बंद करत. सुरुवातीला काही दिसत नसे. पाच मिनिटांनी डोळे मरत (हा त्यांचा शब्द) आणि मग दारांच्या बिजागऱ्यांशी, पंख्याच्या झरोक्याशी, पत्र्याच्या खिळ्याच्या भोकाशी उजेडाची बारीक टोके दिसू लागत. “कुठून येतंय, सांग,” ते अंधारातून विचारत. मी बोट दाखवून उपयोग नव्हता, बोट दिसत नव्हते, म्हणून तोंडाने सांगावे लागे: उजवीकडचे दुसरे दार, खाली, एक वीत. ते तिथे जाऊन गोणपाट कोंबत. गोणपाट मार्केट यार्डातून आणलेले असे, हळदीच्या पोत्यांचे, त्यामुळे आमच्या टॉकीजच्या दारांना हळदीचा वास होता आणि पावसाळ्यात ओल्या हाताने दार ढकलले की तळवा पिवळा व्हायचा. एवढे झाल्यावर ते वर केबिनमध्ये जात. हे सगळे ते कोणासाठी करत होते? लागणारे सिनेमे बहुतेक देमार असत. पण अंधार हा तिकिटातच आला, तो वेगळा मागावा लागू नये, असे त्यांचे मत होते.

चित्रपटांच्या निवडीबद्दलही थोडे लिहितो. गेल्या वर्षी सर्व चित्रपट अमेरिकन होते आणि त्यामुळे हा कोणीतरी बाहेरून आणलेला शौक आहे असे चित्र झाले. वास्तविक मराठीतला या जातीचा सर्वांत चांगला चित्रपट ज्यांनी काढला ते राजा परांजपे १९१० साली मिरजेत जन्मले. म्हणजे आपल्याच महानगरपालिकेच्या हद्दीत. त्यांचा १९६४चा ‘पाठलाग’, ज्यात मेलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी एक बाई आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहते, आपल्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिला असेल आणि त्यातले आशा भोसल्यांचे गाणे गुणगुणलेही असेल, पण मोठ्या पडद्यावर, अंधारात तो पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. ते गाणे लिहिणारे गदिमा आपल्याच जिल्ह्यातल्या माडगूळचे, गाणाऱ्या आशाबाई सांगलीत जन्मलेल्या, आणि याच चित्रपटावरून हिंदीत १९६६ साली ‘मेरा साया’ झाला. महोत्सवाचा पडदा शुक्रवारी रात्री ‘पाठलाग’ने उघडावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आपल्या भाषेतला काळोख आधी पाहिला की शनिवारी लॉस एंजेलिसचा काळोख परका वाटणार नाही.

हिंदीतूनही एक घ्यावा, आणि घ्यायचा तर गुरुदत्तांनी दिग्दर्शित केलेला, देव आनंदचा १९५१चा ‘बाजी’. गुरुदत्त आणि देव आनंद यांची गाठ पडली ती पुण्यात, प्रभातमध्ये. आणि प्रभात जन्मली ती इथून तासाभराच्या अंतरावर, कोल्हापुरात, १९२९ साली. ‘बाजी’च्या वेळी व्ही. के. मूर्ती हे साहाय्यक छायालेखक होते. त्यांनी आरशातून घ्यायचा एक अवघड शॉट सुचवला आणि स्वतः घेऊन दाखवला, त्यावरून गुरुदत्तांनी पुढच्या चित्रपटापासून त्यांना मुख्य छायालेखक केले. हेच मूर्ती पुढे ‘कागज के फूल’मध्ये मोठ्या आरशांनी बाहेरचे ऊन स्टुडिओत वळवून तो प्रसिद्ध उजेडाचा झोत पाडणारे, आणि छायालेखकांपैकी फाळके पुरस्कार मिळालेले पहिले. आपल्याकडे न्वार आला तेव्हा त्यात गाणी आली, विनोदी साहाय्यक आला, आणि शेवटी नायक बहुधा वाचला. हे दोष आहेत असे मी मानत नाही. मात्र गाण्यासाठी सगळा सेट उजळायचा ही जी आपली सवय होती ती मोडून क्लबमधल्या गाण्यालाही सावली द्यायचे काम या मंडळींनी केले, ते पाहण्यासारखे आहे.

या चित्रपटांत बायका वाईट दाखवतात, सहकुटुंब बघण्यासारखे नाहीत, असाही एक आक्षेप बैठकीत आला म्हणतात. त्याला फार वेळ देण्याची गरज मला वाटत नाही. १९३४पासून हॉलिवुडमध्ये नीतिनियमांची संहिता कडक राबवली जात होती आणि तिच्यानुसार गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता. आजच्या कोणत्याही मालिकेपेक्षा हे चित्रपट या बाबतीत सोवळे आहेत. आणि बायकांचाच प्रश्न असेल तर आयडा लुपिनो या बाईंनी स्वतः दिग्दर्शित केलेला १९५३चा ‘द हिच-हायकर’ ठेवा. वाटेत मोटारीत घेतलेल्या एका खुन्याच्या हाती सापडलेल्या दोन मित्रांची ती गोष्ट आहे, एकाहत्तर मिनिटांत संपते, आणि त्या खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे तो जागा आहे की झोपला आहे हे त्या दोघांना रात्रभर कळत नाही. आता विचार करा, मागच्या रांगेत एखाद्याचा मोबाईल पेटला तर तो डोळा कोण बघणार?

‘द हिच-हायकर’सोबत एडगर उल्मरचा १९४५चा ‘डीटूर’ जोडता येईल; तो सत्तर मिनिटांचाही नाही. असे कमी खर्चाचे छोटे चित्रपट अमेरिकेतही एका तिकिटात दोन असेच दाखवले जात असत. दोन छोटे चित्रपट एका पाठोपाठ ठेवले की मधे आपोआप सुटी मिळते, कॅन्टीनवाल्याचा धंदा होतो आणि कुठलेही इंजिन सुरू होता होता थांबवावे लागत नाही. लांब चित्रपटाला मध्यंतर द्यायचेच असेल तर समितीतल्या एकाने तो आधी बसून पाहावा आणि जागा ठरवून द्यावी. घड्याळावर सोडू नये.

दुपारचे खेळ बंद करावेत, ही माझी सर्वांत महागडी सूचना आहे याची मला कल्पना आहे, कारण सभागृहाचे भाडे दिवसाचे असते आणि दुपार रिकामी ठेवणे खजिनदारांना जड जाईल. पण दिवाळीनंतर सहाच्या सुमारास दिवस मावळतो. सात वाजता पहिला खेळ सुरू केला तर शुक्रवारी एक, शनिवारी आणि रविवारी दोन-दोन छोटे किंवा एक मोठा, एवढे सहज बसते. दुपारी मूर्तींच्या किंवा ऑल्टनच्या दिव्यांविषयी कोणी जाणकार बोलणार असेल तर बोलू द्या. भाषणाला उजेड चालतो. सत्कार, दीपप्रज्वलन, शाल आणि श्रीफळ हेही तिथेच आटोपावे. गेल्या वर्षी उद्घाटनाला पन्नास मिनिटे गेली आणि एका पाहुण्यांनी प्रास्ताविकात खुनी कोण ते सांगून टाकले. ‘डबल इन्डेम्निटी’पुरते ते चालून गेले असते, कारण त्यात नायक स्वतःच सुरुवातीला कबुली देतो. दुर्दैवाने ते दुसऱ्या चित्रपटाविषयी बोलत होते.

हक्कांबद्दल शंका काढली गेली आहे, म्हणून तेवढेच सांगतो. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, त्यामुळे १९६४पर्यंतच्या भारतीय चित्रपटांची ती मुदत सरली आहे. मात्र गीते, संगीत आणि मूळ कथा यांचे हक्क वेगळे मोजले जातात आणि चांगली प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी लागतेच. यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलवर महोत्सव करू नये. पुण्याला १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे वेळेत पत्र जावे. विदेशी चित्रपटांसाठी महोत्सवापुरती सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून घ्यावी लागते, तो अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे विझवा असे मी कधीही म्हणणार नाही. आग लागली तर माणसांना दार दिसलेच पाहिजे, आणि अंधारावर प्रेम करणाऱ्या माणसाने हे सर्वांत आधी पाहावे. त्या दिव्यांना वरून पत्र्याची टोपी घातली की उजेड खाली पडतो, पडद्याकडे जात नाही. पायऱ्यांच्या दिव्यांना लाल जिलेटीन, म्हणजे दिव्यावर लावायचा पारदर्शक रंगीत कागद, लावता येते, ते माझ्याकडे शिल्लक आहे. प्रायोजकांचा फलक बाहेर, कॅन्टीनच्या शेजारी लावावा, तिथे तो जास्त वाचला जाईल. उपशीर्षके पांढरीशुभ्र न ठेवता राखाडी ठेवावीत, नाहीतर प्रत्येक वाक्याला पडद्याचा खालचा भाग दिव्यासारखा पेटतो आणि पहिल्या चार रांगांचे चेहरे उजळतात. मोबाईलबद्दल दारावर सूचना लावून काही होत नाही. प्रत्येक रांगेच्या टोकाला नाटकातला एकेक पोरगा बसवा. आमची मुले हे काम आनंदाने करतील, त्यांना प्रयोग चालू असताना प्रेक्षकांशी दबक्या आवाजात भांडायची सवय आहे.

एवढे करूनही रविवारी सभागृह अर्धे राहिले तर मी आपल्या बैठकीत येऊन मान्य करीन की सांगलीला हे सिनेमे नको आहेत, आणि रंगीत रहस्यपटांच्या महोत्सवाला मी तिकीट काढून येईन. त्याआधी मात्र माझी एक विनंती आहे. या वर्षीसाठी जे सभागृह आपण ठरवत आहात त्याची किल्ली एखाद्या रविवारी दुपारी बारा वाजता मिळावी आणि समितीतल्या कोणी दोघांनी अर्धा तास माझ्यासोबत यावे. दारे लावून, दिवे घालवून मधल्या रांगेत बसू. पहिली पाच मिनिटे काही दिसणार नाही, तेव्हा कोणी मोबाईल काढू नये. नंतर उजेड कुठून येतो ते एकेकाने तोंडाने सांगावे. गोणपाट मी घेऊन येतो.

आपला,
सांगलीतील एक प्रकाशयोजनाकार